बदलाला होणारा विरोध

बदलाला होणारा विरोध म्हणजे एखादे नवे धोरण, प्रकल्प, कायदा, तंत्र किंवा नियम आपल्या उपजीविकेवर, मालमत्तेवर, दर्जावर अथवा दैनंदिन जीवनावर परिणाम करणार असल्याची जाणीव झाल्यावर व्यक्तीने किंवा समूहाने त्यास उघड वा छुप्या रीतीने केलेला प्रतिकार होय. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र या चारही विद्याशाखांत या विषयाचा अभ्यास झाला आहे. 'माणसाला मुळातच बदल नको असतो' असे स्पष्टीकरण व्यवहारात वारंवार दिले जाते; मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने ते अपुरे ठरवले आहे. विरोध बहुधा बदलाच्या नवेपणाला नसतो. बदलातून संभवणारे नुकसान, त्याबद्दलची अनिश्चितता आणि निर्णयप्रक्रियेतून वगळले जाणे ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा प्रामुख्याने धरणे, औद्योगिक वसाहती व भूसंपादन यांच्या संदर्भात होते. मुळशी सत्याग्रहाचे (१९२१–१९२४) नेते सेनापती बापट हे मूळचे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेरचे. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने स्वतःवर कडक निर्बंध घालणारे बदल ग्रामसभेतून स्वीकारले. त्यामुळे विरोध आणि स्वीकार या दोहोंच्या अभ्यासासाठी हा जिल्हा उपयुक्त ठरतो.

संकल्पना

सार्वजनिक हिताचा बदल आणि व्यक्तीवर होणारा त्याचा परिणाम यांत अंतर असते. रस्ता रुंद व्हावा, वीज मिळावी, कारखाने यावेत याविषयी सर्वसाधारण सहमती असू शकते. परंतु रस्त्यासाठी ज्याचे घर पडणार आहे त्याच्या दृष्टीने तोच निर्णय निराळा असतो. म्हणून एखाद्या धोरणास तत्त्वतः असलेला पाठिंबा आणि स्वतःच्या दारात होणाऱ्या अंमलबजावणीस असलेला विरोध एकाच व्यक्तीत आढळणे ही विसंगती मानली जात नाही.

लाभ आणि हानी यांच्या विभागणीतूनही विरोधाची तीव्रता ठरते. लाभ लाखो लोकांत थोडाथोडा वाटला गेला आणि हानी मोजक्या कुटुंबांवर केंद्रित झाली, तर लाभार्थी उदासीन राहतात व बाधित लोक संघटित होतात. इटालियन विचारवंत निकोलो मॅकियाव्हेली याने सोळाव्या शतकातच हे निरीक्षण नोंदवले होते. नव्या व्यवस्थेमुळे ज्यांचे नुकसान होते ते कट्टर विरोधक बनतात, तर ज्यांचा फायदा होणार असतो त्यांचा पाठिंबा कोमट असतो, असे त्याचे म्हणणे होते.

विरोधाची कारणे

*तोट्याची धास्ती*

डॅनियल कानेमान व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार तेवढ्याच रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा तोट्याने होणारे दुःख अधिक तीव्र असते. पुढे १९९० मध्ये कानेमान, जॅक नेच व रिचर्ड थेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देण्यात आले. ते विकण्यासाठी त्यांनी मागितलेली किंमत ही मग नसलेले विद्यार्थी देऊ करत असलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. आपल्या ताब्यातील वस्तू केवळ आपली असल्यामुळेच अधिक मोलाची वाटते, असा या प्रयोगांचा निष्कर्ष आहे. भूसंपादनात बाजारभावाने दिलेला मोबदला जमीनमालकास अन्यायकारक का वाटतो, याचा एक भाग यातून उलगडतो.

विल्यम सॅम्युएलसन व रिचर्ड झेकहाउझर यांनी १९८८ मध्ये 'यथास्थितीकडे असलेला कल' दाखवून दिला. अनेक पर्याय समोर असता लोक आधीपासून चालू असलेला पर्याय प्रमाणाबाहेर निवडतात, असे त्यांना आढळले.

*अनिश्चितता*

राकेल फर्नांडिस व डॅनी रॉड्रिक यांनी १९९१ मध्ये असे दाखवले की, बहुसंख्य लोकांचा फायदा करणाऱ्या बदलासही बहुसंख्य लोक आधी विरोध करू शकतात आणि हा विरोध पूर्णतः तर्कसंगत असू शकतो. समजा, एका गावात १०० कुटुंबे आहेत. एका बदलामुळे ६० कुटुंबांना प्रत्येकी ५ रुपयांचा फायदा आणि ४० कुटुंबांना प्रत्येकी ५ रुपयांचा तोटा होणार आहे. फायदा होणाऱ्यांपैकी ४० कुटुंबांना आपला फायदा आधीच ठाऊक आहे. उरलेल्या ६० पैकी २० कुटुंबांनाच फायदा होईल, पण ती कोणती हे कोणालाच माहीत नाही. अशा वेळी या ६० पैकी प्रत्येक कुटुंबाला फायद्यापेक्षा तोट्याची शक्यता दुप्पट दिसते. ती सर्व कुटुंबे विरोधात जातात आणि प्रत्यक्षात बहुसंख्यांच्या हिताचा असलेला प्रस्ताव नाकारला जातो.

जेम्स स्कॉट यांनी १९७६ मध्ये आग्नेय आशियातील शेतकऱ्यांविषयी केलेल्या मांडणीचा येथे उपयोग होतो. ज्याची शिल्लक केवळ एका हंगामापुरती आहे, तो शेतकरी सरासरी उत्पन्न वाढवण्याच्या संधीपेक्षा उपासमारीचा धोका टाळण्यास प्राधान्य देतो. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याची सावधगिरी याच दृष्टीने पाहता येते.

*स्वातंत्र्यावर गदा*

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार निवडीचे स्वातंत्र्य हिरावले जात आहे असे वाटताच व्यक्ती ते परत मिळवण्यासाठी धडपडते. ज्या गोष्टीची सक्ती होते ती गोष्ट एरवी मान्य असली, तरी सक्तीमुळे अप्रिय होते.

*ओळख आणि आठवणी*

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर मॅरिस यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात बदलाची तुलना आप्तवियोगाशी केली. नायजेरियातील लागोस येथील झोपडपट्टी हटवण्याच्या योजनेचा त्यांनी पूर्वी अभ्यास केला होता. माणसाच्या जगण्याचा अर्थ ज्या नात्यांत, जागांत व सवयींत गुंफलेला असतो, त्या तुटल्यावर नवे घर कितीही चांगले असले तरी शोक टळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. गावातील देऊळ, स्मशानभूमी, शेजार आणि सोयरिकीचे जाळे यांचा मोबदला नुकसानभरपाईच्या तक्त्यात बसत नाही.

*अविश्वास*

पूर्वीची आश्वासने पाळली गेली नसतील, तर नव्या आश्वासनांचे मोल कमी होते. या कारणामुळे एखाद्या प्रदेशातील विरोधाची तीव्रता समोरच्या प्रकल्पाइतकीच आधीच्या प्रकल्पांच्या अनुभवावर अवलंबून असते.

हारवुड कारखान्यातील प्रयोग

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात झाला. लेस्टर कॉक व जॉन फ्रेंच यांनी त्याचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. कारखान्यात कामाची पद्धत व नगावरील मजुरीचे दर वेळोवेळी बदलले जात. त्यानंतर उत्पादन घटे आणि अनेक कामगार नोकरी सोडत. प्रयोगात एका गटाला बदल केवळ कळवण्यात आला. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून दिले. इतर दोन गटांतील सर्व कामगारांनी नव्या पद्धतीची आखणी व दरनिश्चिती यांत भाग घेतला.

पहिल्या गटाचे उत्पादन सावरले नाही व पहिल्या ४० दिवसांत त्यातील १७ टक्के कामगारांनी नोकरी सोडली. पूर्ण सहभाग असलेल्या गटांचे उत्पादन लवकर पूर्वपदावर येऊन नंतर आधीपेक्षा वाढले आणि त्यांतील कोणीही नोकरी सोडली नाही. काम बदलणे चारही गटांना भाग होते. फरक निर्णयातील वाट्याचा होता. तथापि, नॉर्वेतील एका कारखान्यात पुढे केलेल्या अशाच प्रयोगात इतका ठळक परिणाम दिसला नाही. सहभाग खरा असला आणि संबंधितांना तो आपला हक्क वाटत असला, तरच तो उपयोगी पडतो, असा अर्थ यावरून काढला जातो.

महाराष्ट्रातील उदाहरणे

*पुण्यातील प्लेग (१८९७)*

पुण्यात प्लेगची साथ पसरल्यावर सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सैनिकांकरवी घरांची झडती, रुग्णांना घरातून हलवणे व सामान जाळणे असे उपाय योजले गेले. रोगाचा बंदोबस्त करणे हा हेतू नागरिकांच्या हिताचाच होता. परंतु स्वयंपाकघर व देवघरात शिरणारे सैनिक आणि स्त्रियांची तपासणी यांमुळे असंतोष भडकला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोगनिवारणाचे उद्दिष्ट समान असूनही पद्धतीमुळे लोकांचा प्रतिसाद किती बदलू शकतो, हे या घटनेतून दिसते.

*मुळशी सत्याग्रह (१९२१–१९२४)*

मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने पुणे जिल्ह्यात मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरवले. (ही मुळा नदी आणि अहिल्यानगर जिल्ह्यातून वाहणारी प्रवरेची उपनदी मुळा या दोन निरनिराळ्या नद्या आहेत.) धरणाखाली मावळातील पन्नासच्या आसपास गावांची भातशेती जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार सरकारने कंपनीसाठी जमिनी ताब्यात घेतल्या. एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला.

या लढ्यात 'बाधित' हा एकसंध गट नव्हता. अनेक जमिनींवर पुण्यातील सावकारांचे हक्क होते. त्यांच्यासाठी जमीन ही मुख्यतः उत्पन्न देणारी मालमत्ता असल्याने रोख मोबदला स्वीकारार्ह होता. जमीन कसणाऱ्या कुळांच्या दृष्टीने मात्र तीच त्यांची उपजीविका, गाव व भविष्य होती. एकाच धरणाविषयी दोन गटांनी घेतलेल्या भिन्न भूमिका त्यांच्या वैयक्तिक स्थितीशी जुळणाऱ्या होत्या.

लढ्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. 'सेनापती' ही उपाधी त्यांना या सत्याग्रहामुळे मिळाली. त्यांना अनेकदा कारावास भोगावा लागला, त्यांतील अखेरची शिक्षा सात वर्षांची होती. सत्याग्रह अयशस्वी ठरला व धरण पूर्ण झाले. धरणग्रस्तांच्या नंतरच्या चळवळींत मात्र त्याचा वारंवार उल्लेख होतो. विजेचा लाभ मुंबईला आणि पाण्याखाली जाणे मावळाला, ही लाभ-हानीची विभागणी पुढील अनेक प्रकल्पांत कायम राहिली.

*पुनर्वसनाची मागणी*

स्वातंत्र्यानंतर कोयना, जायकवाडी, उजनी इत्यादी धरणांमुळे मोठ्या प्रमाणावर विस्थापन झाले. बाबा आढाव, संगमनेरचे दत्ता देशमुख आदींनी धरणग्रस्तांना संघटित केले. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही या चळवळीची मागणी होती. धरणच नको अशी भूमिका तीत नव्हती. राज्याने १९७६ मध्ये प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि नंतर १९८६ व १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून जमीन घेऊन ती विस्थापितांना देण्याची तरतूद करण्यात आली. लाभ घेणाऱ्याने हानीचा वाटा उचलावा, हे तत्त्व यामुळे कायद्यात आले. अंमलबजावणी मात्र अनेक ठिकाणी रखडली.

नवी मुंबई व न्हावा-शेवा बंदरासाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकांना देण्याचे धोरण आले. येथेही वादाचा मुख्य विषय लाभातील वाटा हाच होता.

अहिल्यानगर जिल्हा

*नागापूर*

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस मनमाड मार्गावर नागापूर हे मूळचे शेतीप्रधान गाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे उभी राहिली आणि शहराच्या विस्तारासोबत नागापूर-बोल्हेगाव परिसर महानगरपालिकेच्या हद्दीत आला. शेतीचे गाव, औद्योगिक वसाहत आणि उपनगर अशा स्थित्यंतरात एकाच गावातील निरनिराळ्या घटकांवर होणारा परिणाम सारखा नसतो. रस्त्यालगत जमीन असणाऱ्याच्या जमिनीचा भाव वाढतो. संपादनात जमीन गेलेल्याला एकरकमी पैसे मिळतात, पण पुढील पिढीचे साधन जाते. शेतमजुराच्या नावावर जमीनच नसल्याने त्याला मोबदला मिळत नाही. कामासाठी बाहेरून आलेल्या कामगाराला मात्र तोच बदल उपजीविका देतो. ग्रामपंचायतीऐवजी महापालिका आल्यावर सोयींची अपेक्षा वाढते, तसा कराचा बोजाही वाढतो आणि ग्रामसभेत थेट बोलण्याची संधी संपते. 'गावाचा विरोध' किंवा 'गावाचा पाठिंबा' असे सरसकट वर्णन अशा ठिकाणी दिशाभूल करणारे ठरते.

*के. के. रेंज*

लष्कराच्या के. के. रेंज या सराव क्षेत्राच्या नियोजित विस्तारास राहुरी, नगर व पारनेर तालुक्यांतील गावांनी विरोध केला. हा विषय २०२० मध्ये पुन्हा ऐरणीवर आला. या पट्ट्यात मुळा धरण, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हे सराव क्षेत्र यांसाठी पूर्वीच जमिनी गेल्या होत्या. एकाच परिसरावर वारंवार संपादनाची वेळ आल्यास प्रत्येक नव्या प्रस्तावाचे मूल्यमापन मागील त्यागाच्या हिशेबासह केले जाते.

*हिवरे बाजार*

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण गाव आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गावाने आदर्श गाव योजनेत भाग घेतला. योजनेच्या अटींत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान यांचा समावेश होता. गावाने त्याखेरीज शेतीसाठी कूपनलिका न खोदणे, उसासारखी जास्त पाणी लागणारी पिके न घेणे आणि गावातील जमीन बाहेरच्यांना न विकणे असे नियम स्वीकारले. पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीच्या पिकांचा निर्णय ग्रामसभेत घेतला जातो.

हे नियम शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातील निर्णयांवर थेट मर्यादा घालणारे आहेत. राज्यात अन्यत्र ऊस किंवा कूपनलिका यांवरील निर्बंधांना तीव्र विरोध होतो. तरीही येथे ते टिकले. त्यामागे पुढील कारणे सांगता येतात :

* निर्बंध बाहेरून लादले गेले नाहीत, ग्रामसभेने ठरवले.
* हानी आणि लाभ एकाच समूहात राहिले. वाचलेले पाणी गावाच्याच विहिरींत आले.
* नियम लहानमोठ्या सर्व खातेदारांना सारखे लागू झाले.
* पाण्याचे मोजमाप उघडपणे मांडल्याने अनिश्चितता व संशय कमी झाला.
* चराई बंद करताना गवत कापून नेण्याचा पर्याय उपलब्ध ठेवला गेला.

कालांतराने गावातून स्थलांतरित झालेली अनेक कुटुंबे परतली. मात्र अशा प्रयोगांनाही मर्यादा आहेत. चराईबंदीचा भार शेळ्यामेंढ्या मोकळ्या चारणाऱ्या भूमिहीन कुटुंबांवर अधिक पडतो आणि ग्रामसभेतील बहुमतापुढे दुर्बल घटकाचा विरोध व्यक्त होईलच असे नाही. विरोध न दिसणे म्हणजे सर्वांची संमती, असे मानता येत नाही.

विशेषाधिकार टिकवण्यासाठी होणारा विरोध

वैयक्तिक नुकसानीच्या भीतीतून होणारा प्रत्येक विरोध न्याय्य असतोच असे नाही. ज्याचे नुकसान होणार आहे तो हक्क आहे की इतरांना वंचित ठेवून मिळालेला विशेषाधिकार, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. महात्मा जोतीराव फुले यांनी अहमदनगर येथील सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून प्रेरणा घेतली व १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. शिकवण्यासाठी जाणाऱ्या सावित्रीबाईंवर चिखल व शेण फेकले गेले. संमतिवयाच्या कायद्याच्या (१८९१) वेळी आणि महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या (१९२७) वेळीही तीव्र विरोध झाला. या प्रसंगी विरोधकांची उपजीविका धोक्यात नव्हती. धोक्यात होते ते जात व लिंग यांवर आधारलेले वर्चस्व.

त्यामुळे विरोधाचे कारण समजून घेणे आणि त्याचे समर्थन करणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. सर्वांची संमती मिळेपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर यांपैकी कोणतीही सुधारणा झाली नसती.

कायदेशीर तरतुदी

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने १८९४ च्या कायद्याची जागा घेतली आणि तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपन्यांसाठीच्या संपादनास ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीतील प्रकल्पांस ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक करण्यात आली. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक झाले आणि जमीन नावावर नसलेल्या, पण त्या जमिनीवर उपजीविका असलेल्या कुटुंबांचाही 'बाधित' या व्याख्येत समावेश झाला. काही प्रकारच्या संपादनांना यांतील तरतुदींतून सूट देता येते.

संज्ञेवरील टीका

एरिक डेंट व सुझन गोल्डबर्ग यांनी १९९९ मध्ये 'बदलाला विरोध' या संज्ञेवरच आक्षेप घेतला. लोक बदलाला विरोध करत नाहीत; वेतन, दर्जा किंवा स्वास्थ्य गमावण्यास विरोध करतात, असे त्यांनी म्हटले. ही संज्ञा वापरल्याने दोष बाधित व्यक्तीच्या स्वभावाकडे जातो आणि प्रस्तावातील उणिवा नजरेआड होतात. 'विकासाला विरोध' या मराठीत रूढ झालेल्या शब्दप्रयोगालाही ही टीका लागू पडते. मोबदला, पर्यायी जमीन किंवा पाण्यातील वाटा यांसाठी चाललेल्या लढ्यांस हे नाव दिले की मागणी काय आहे हा प्रश्न मागे पडतो. एखाद्या विरोधाचा अभ्यास करताना नुकसान कोणाचे, लाभ कोणाला आणि निर्णय कोणाचा, या तीन बाबी प्रथम तपासाव्यात, असे या टीकेचे सार आहे.

हेही पाहा

* मुळशी सत्याग्रह
* सेनापती बापट
* हिवरे बाजार
* भूसंपादन
* ग्रामसभा